थेरपी सुरू केल्यावर घरच्यांना तुम्ही आवडेनासे झालात का?

तिरफळ:

इथे थेरपीवर आधी दोन-चार धागे येऊन गेलेत पण ते सगळे 'जावं की नाही' याच्यावर होते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गेले, फरक पडला, आता घरात राहायचं कसं?

पार्श्वभूमी थोडक्यात. मी डोंबिवलीची, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी फोर्टात. सुरुवात लोकलमध्ये झाली. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घाम, वाटलं संपलं आता, कुर्ल्याला उतरवतील आणि स्ट्रेचर मागवतील. मग ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं झालं आणि सगळं नॉर्मल आलं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले हार्ट ठणठणीत आहे, तुम्ही आता कुणाशी तरी बोला. मला आधी रागच आला, म्हणजे काय मी नाटकं करतेय का. तरी गेले.

तो पॅनिकवाला भाग खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात सोपा निघाला. मॅडमनी एकदा बारीक स्ट्रॉ हातात दिली, नाक चिमटीत धरून तिच्यातून श्वास घ्यायला लावला, मग जागच्या जागी पळवलं, आणि तीच धडधड आली, हुबेहूब तीच. म्हणाल्या बघा, ही आत्ता तुम्ही स्वतः मुद्दाम आणलीत, काय झालं? काहीच झालं नाही, मी घामाघूम होऊन त्यांच्या त्या बेज रंगाच्या सोफ्यावर बसले होते आणि बाहेर कोणीतरी गाडी रिव्हर्सला घेत होतं तिचं ते गाणं वाजत होतं. तेव्हापासून त्या भीतीची धार गेली. अजूनही अधूनमधून येतं पण आता मी मोबाईल बघत बसते.

मग निघाला खरा विषय. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. ऑफिसात येत नाही, माहेरी येत नाही आणि सासरी तर प्रश्नच नाही. त्यावर बरंच काम झालं, ते सगळं इथे लिहीत नाही.

तर मागच्या गौरी. आमच्याकडे गौरी जेवतात त्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, वीस-बावीस पानं, सोळा भाज्या, आणि पोळ्या लाटायला मी, कारण माझ्या पोळ्या फुटत नाहीत (हे कौतुक पंधरा वर्षांपूर्वी झालं होतं आणि तेव्हापासून ते मला चिकटलंय). मी म्हटलं, आई, या वर्षी पोळ्या बाहेर सांगूया, बाकी सगळं मी करते. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. सासूबाई विळीवर लाल भोपळा चिरत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही, नणंदेला म्हणाल्या, "हिला आता काही बोलायचं नाही हं, हिचे शनिवारचे डॉक्टर रागावतील." सगळे हसले. नवरा पण हसला.

पोळ्या बाहेरून आल्या, बऱ्या होत्या. पण तेव्हापासून घरात माझं एक नवीन नाव पडलंय. काही बोलले की 'शिकवून पाठवलंय'. गप्प बसले की 'आता मनात काहीतरी लिहून घेत असेल'. आधी मी सगळ्यांना आवडायचे, रात्री एकटी रडायचे. आता रडत नाही आणि कोणाला फारशी आवडतही नाही. हा व्यवहार ठरवून केलेला नव्हता.

आणि एक शंका, ती मॅडमना अजून विचारलेली नाही. तो पन्नास मिनिटांचा शांत खोलीतला वेळ, समोर टिश्यूचा डबा, एसी, माझंच ऐकणारं माणूस. तिथे मी फार शहाणी असते. पण घरी टूबीएचकेत पाच माणसं, तिथे 'थोडा वेळ बाजूला व्हा' म्हणजे कुठे होऊ, बाथरूममध्ये? ही सगळी पद्धत एकेकट्या राहणाऱ्या माणसांसाठी तर बनवलेली नाही ना?

अर्धाकप:

अगदी अगदी! शेवटच्या परिच्छेदाला हजार मोदक. माझा नवरा म्हणतो तू आता पुस्तकातल्यासारखं बोलतेस. मी फक्त म्हटलं होतं की तू असं म्हणालास की मला वाईट वाटतं. तर म्हणे 'मला वाईट वाटतं' असं कोण बोलतं, सरळ भांड की.

काडीपेटी७:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सासू-सून धागा आहे, शंभरी नक्की. डोंबिवली ते येरवडा डायरेक्ट गाडी सुरू करा म्हणावं (हलके घ्या)

सदूभाऊ:

मी एकोणसत्तर वर्षांचा, एसटीतून रिटायर, त्यामुळे माझं जुनाट मत आहे असं समजूनच वाचा. ताई तुमच्याबद्दल काही नाही. पण आमच्या वेळी हे सगळं नव्हतं आणि माणसं काही वेडी झाली नाहीत. पारावर बसायचं, डेपोत चहा प्यायचा, चार शिव्या घालायच्या आणि घरी जायचं. बायकांना नळावर, पापड लाटताना, देवळात बोलायला माणसं होती. आता तेच बोलायला तासाचे दीड-दोन हजार मोजायचे. आणि वर तो ऐकणारा तुम्हाला ओळखत पण नाही, तुमच्या सासूला त्याने बघितलेलं नाही. एका बाजूचं ऐकून निकाल देणारा न्यायाधीश आम्ही तरी ऐकला नाही.

तिरफळ:

काका राग नाही. पण नळावर बोललेलं संध्याकाळपर्यंत चार घरांत पोचायचं हे तुम्हालाही माहितीये. माझी आजी तशीच बोलली होती एकदा, मोठ्या दिरांबद्दल. त्यानंतर ती आयुष्यभर कुणाशी बोलली नाही, भाजीवालीशी पण मोजून. आणि मॅडमनी निकाल कधीच दिलेला नाही. मी कितीतरी वेळा विचारलं की सांगा ना माझं चुकलं की त्यांचं. त्या सांगतच नाहीत. पैसे देऊन पण सांगत नाहीत हो.

तासाचं म्हणाल तर हो, महाग आहे. मी पार्लर बंद केलं.

काडीपेटी, येरवड्याचा विनोद आता खरंच बंद करूया का. त्याच विनोदापायी मी सुरुवातीला घरी फिजिओकडे जाते म्हणून सांगत होते. खांदा दुखतोय म्हणून. सासूबाईंनी तेल पण आणून दिलं होतं.

काडीपेटी७:

ओके ताई, मागे घेतो. तेलाचं वाचून कसंतरीच झालं.

कळफलक:

विषय आवडीचा म्हणून लांब लिहितो. मी थेरपिस्ट नाही, पण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे म्हणजे आरईबीटीचे वर्ग केलेत आणि स्वतः क्लायंट म्हणून पण बसलोय.

अल्बर्ट एलिस हा मूळचा मनोविश्लेषण करणारा. बालपण उकरत बसण्यात वर्षं जातात आणि माणूस तिथेच राहतो हे बघून वैतागला आणि १९५५ च्या सुमाराला त्याने ही विवेकनिष्ठ पद्धत सुरू केली. आपल्याकडे मराठीत ती किशोर फडके, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे घरोघरी पोचली, इतकी की ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या कार्यक्रमांना गेलेला माणूस तुम्हाला प्रत्येक गावात भेटेल. त्याचं मूळ म्हणणं साधं आहे. घटनेमुळे आपण उद्ध्वस्त होत नाही, त्या घटनेबद्दल आपण जी मागणी धरून बसतो तिच्यामुळे होतो. इच्छा असणं ठीक. 'व्हायलाच पाहिजे' हा हट्ट आला की भावना हाताबाहेर जाते. वाईट वाटणं वेगळं आणि कोसळणं वेगळं, राग येणं वेगळं आणि पेटून उठणं वेगळं. एलिस भावना मारायला सांगत नाही हे लोक विसरतात, तो म्हणतो दुःख होऊ दे की, दुःख झालंच पाहिजे अशी गोष्ट असेल तर.

आता जरा टोचेल असं. धागाकर्तीताई, तुम्ही नाही म्हणायला शिकलात हे उत्तम. पण मूळ पोस्ट परत वाचा. त्यात एक नवीन मागणी बसलीये. मी बदलले तर घराने ते समजून घेतलंच पाहिजे, निदान हसू तरी नये. आधीची मागणी होती 'सगळ्यांनी मला चांगलं म्हटलं पाहिजे'. आताची पण तीच आहे, फक्त आता चांगलं म्हणायचं ते तुमच्या नकाराला. सासूबाई टाळ्या वाजवणार नाहीत. पंधरा वर्षं फुकट मिळालेल्या पोळ्या गेल्या, टाळ्या कशाच्या?

अर्धाकप:

कळफलक, बरोबर असेल पण किती कोरडं लिहिता हो. बाई त्या दिवशी बावीस पानांचा स्वयंपाक करत होती, आणि वर तिने मागण्या तपासायच्या? नवरा हसला त्याचं काय? त्याला कोण मागणी तपासायला सांगणार?

कळफलक:

नवरा इथे लिहीत नाहीये म्हणून.

दुसरी_बाजू:

मी लिहितो मग. त्यांचा नवरा नाही, पण मी 'त्या नवऱ्या'तला आहे. नवीन आयडी काढलाय कारण माझ्या जुन्या आयडीला बायको ओळखते.

बायको थेरपीला जायला लागली तेव्हा मीच म्हटलं होतं जा म्हणून, पैसे पण मीच भरत होतो. पण दर बुधवारी ती तिकडून यायची तेव्हा मला घरात परीक्षेचा पेपर तपासून येतोय असं वाटायचं. म्हणजे मी तिथे आहे, माझं नाव घेतलं जातंय, मी काय बोललो काय नाही बोललो याची चर्चा होतेय आणि मला माझी बाजू मांडायची सोय नाही. ती काही बोलायची नाही, मी विचारलं तर म्हणायची ते तिथलं आहे. बरोबर आहे तिचं, पण मला रात्री झोप लागायची नाही. मग मी हसायचो. टोमणे मारायचो. 'काय म्हणाल्या मग बाई, सोडून दे म्हणाल्या का?' असलं काहीतरी. ते विनोद म्हणून करत होतो असं तेव्हा वाटायचं, आज बघतो तर ती निव्वळ भीती होती, की ही बरी झाली तर हिला मी लागणार नाही.

मग तिनेच एकदा सांगितलं की त्या म्हणतात एक सेशन दोघं या. मी तयारी करून गेलो होतो, डोक्यात मुद्दे होते, बारा वर्षांचे. वेताची बुटकी खुर्ची होती तिथे, गुडघे पोटाशी येत होते. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की घरात तुम्हाला कशाचं टेन्शन येतं. मला वाटलं बायकोबद्दल विचारतील. आणि मी सरळ सुरू झालो ईएमआयबद्दल, आयटीतली कपात, मुलाची फी, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं मी मनात एक्सेल शीट करून ठेवलेलं होतं आणि बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण तिला टेन्शन नको म्हणून मी सांगत नव्हतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला इतके दिवस वाटत होतं की मी तिच्यामुळे चिडलेलो असतो.

सगळं गोड झालं असं नाही. ती एक्सेल शीट आता आमच्या दोघांच्या भांडणाचा विषय आहे. पण निदान खरा विषय आहे.

तिरफळ:

हे वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. नवऱ्याला पाठवू का ही लिंक?

दुसरी_बाजू:

नको ताई. माझ्या बायकोने मला एकदा अशी लिंक पाठवली होती. मी उघडली पण नाही.

ओपीडीनंतर:

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, इथे कुणाला सल्ला म्हणून लिहीत नाही, तपासल्याशिवाय तो देताही येत नाही. पण मूळ प्रश्न, की ही पद्धत एकेकट्यांसाठी बनवलेली आहे का, हा आमच्या क्षेत्रातला जुना वाद आहे, म्हणून दोन गोष्टी.

मरे बोवेन नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. १९५४ ते ५९ या काळात त्याने तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबरोबर त्यांची आख्खी कुटुंबं वॉर्डात राहायला आणली, आणि नुसतं बघत बसला. त्यावरून त्याने जे मांडलं ते तिरफळताईंच्या गौरींच्या दिवसाला तंतोतंत लागू पडतं. घरातला एक माणूस जरा स्वतःच्या पायावर उभा राहून वेगळं वागायला लागला की घर आधी म्हणतं, तू चुकतेयस. मग म्हणतं, पूर्वीसारखी हो. आणि नाही झालीस तर काय होईल ते बघ. हे घर दुष्ट असतं म्हणून होत नाही. प्रत्येकाने आपापली जागा तुमच्या जुन्या वागण्यावर बेतलेली असते. बोवेनचं म्हणणं, या टप्प्यावर दोन सोपे रस्ते असतात, परत पूर्वीसारखं होणं किंवा नातं तोडून निघून जाणं. अवघड तिसरा, की आपल्या म्हणण्यावर राहायचं, चिडून प्रत्युत्तर द्यायचं नाही आणि संबंधही सोडायचा नाही. त्याच्या मते एखाद्याचं काम झालं की नाही ते तिथे कळतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला दिलं. तेव्हा जगभर पेशंटला घरच्यांपासून तोडून कुलुपात ठेवायची पद्धत होती. यांनी उलट घरच्यांनाच आत घेतलं, त्यांच्याशी बोलले, आजार समजावला, आणि पेशंट बरे होऊन त्याच लोकांबरोबर घरी जायला लागले. पुढे वेल्लोरला आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबाला धरून उपचार करायची परंपरा वाढली. त्यामुळे 'हे सगळं पाश्चात्त्य आणि एकेकट्यांचं' असं सरसकट म्हणता येणार नाही. शहरातल्या खासगी क्लिनिकात आज एकास एक पद्धत जास्त चालते, त्याला वेळ आणि पैसा ही कारणं आहेत. सासू, नवरा, नणंद यांना एका वेळी एका खोलीत आणणं म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

जाता जाता, पॅनिकला गोळ्याही असतात आणि त्या घेण्यात कमीपणा नाही. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद करायच्या नाहीत. औषध लिहून देणारा डॉक्टर वेगळा, बोलून उपचार करणारी सायकॉलॉजिस्ट वेगळी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, बिनधास्त विचारा. नुसतं 'काउन्सेलर' ही पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो.

वाळवण:

शेवटच्या वाक्यासाठी डॉक्टरांना दंडवत. ती पाटी मी भोगलीये. पहिल्याच भेटीत, अर्ध्या तासात, त्या बाई मला म्हणाल्या की तुमचा नवरा नार्सिसिस्ट आहे, तुम्ही बाहेर पडा. नवऱ्याला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं (सदूभाऊ, तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के). मी घरी आले, आठवडाभर त्याच्याकडे त्याच नजरेने बघत होते, तो चहा गाळतोय तरी मला वाटे बघा, कसा स्वतःचा कप आधी भरतोय. नंतर त्यांचं व्हॉट्सॅप स्टेटस बघितलं तर 'आज एक क्लायंट रडत आली' वगैरे वगैरे. नाव नव्हतं, पण मी होते. तिथून जी पळाले ती दोन वर्षं कुणाकडे गेले नाही.

आता ज्यांच्याकडे जाते त्या फार कमी बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की तुम्ही स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही सांगितलंत तर मला ते एकटीजवळ ठेवता येणार नाही, बाकी सगळं या खोलीत राहील. एवढं स्पष्ट ऐकून मला उलट हायसं वाटलं.

सदूभाऊ:

वाळवणताई, मुद्दा बरोबर निघाला म्हणून आनंद नाही वाटला. असं व्हायला नको होतं.

माडाखाली:

गोव्याहून लिहितेय. पैशाचा मुद्दा निघालाच आहे तर आमच्याकडे झालेलं एक काम सांगते, कारण त्यात डिग्रीवाले सायकॉलॉजिस्ट नव्हतेच, पण पाटी लावून बसलेले पण नव्हते. संगाथ म्हणून संस्था आहे, १९९६ पासूनची, डॉ. विक्रम पटेल वगैरे लोकांनी सुरू केलेली. त्यांनी साध्या, या विषयातलं काही न शिकलेल्या लोकांना तयार केलं, काही आठवड्यांचं ट्रेनिंग, मग वरून सतत देखरेख, त्यांच्या सेशन्स ऐकून तपासायच्या. हे लोक प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या डिप्रेशनच्या पेशंटना भेटायचे, तिथे नाहीतर घरी नाहीतर फोनवर, जास्तीत जास्त आठेक भेटी. बालपण नाही, सासूचा स्वभाव नाही. फक्त एवढंच की तू आधी काय काय करायचीस जे आता सोडलंस, आणि या आठवड्यात त्यातलं काय परत करणार. बाजारात जाणं, शेजारणीकडे बसणं, फुलं माळणं, काहीही. पुढच्या भेटीत विचारायचं केलंस का, नाही तर काय आडवं आलं.

त्याचा नीट अभ्यास झाला, ४९५ लोकांवर, आणि २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी हे मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक बऱ्यापैकी बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

मला त्यातलं आवडलं ते हे की आधी मनातलं सगळं निस्तरू आणि मग जगायला लागू, असा क्रम त्यांनी ठेवलाच नाही. माझी आई विहिणीच्या मरणानंतर अशीच बसली होती, नुसती बाल्कावावर, म्हणजे आमच्या जुन्या घरांना पुढे बाक असलेला ओटा असतो त्यावर. आम्ही तिला 'मन मोकळं कर' म्हणून खूप पिडलं. तिने काही मोकळं केलं नाही. शेवटी शेजारच्या मुलीने तिला रोज संध्याकाळी मोगरीचे कळे काढायला बोलवायला सुरुवात केली. बोलली ती नंतर, खूप नंतर, आणि त्या मुलीशी, आमच्याशी नव्हे.

राईनकाठ:

जर्मनीतून. तिरफळ, एकेकट्या राहणाऱ्यांसाठी आहे का म्हणून विचारलंस, तर एकटी राहणारी मी आहे, सांगते.

इथे सरकारी आरोग्य विमा थेरपीचे पैसे भरतो. आधी एक प्राथमिक भेट, मग ओळखीच्या दोन-चार भेटी, मग छोटी थेरपी १२ अधिक १२ सेशन्सची, लागली तर वर्तनोपचाराची मोठी, ८० पर्यंत जाते. ऐकायला स्वर्ग. पण विम्याची परवानगी असलेले थेरपिस्ट मोजके, त्यामुळे नंबर लागायला महिनोन्महिने जातात. मी रोज ऑफिसच्या आधी फोन लावत बसायचे, त्यांची फोन घ्यायची वेळच आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास असते. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याने हे कसं करायचं देव जाणे.

आणि नंबर लागल्यावर माझी अडचण तुझ्या बरोब्बर उलट. ती म्हणते नाही म्हणायला शिका. अगं पण कुणाला? इथे मला कोणी काही मागतच नाही. शेजारी पार्सल घेऊन ठेवतो आणि चिठ्ठी लावतो. तिला माझा प्रॉब्लेम वाटतो तो आईचा रोजचा फोन. 'रोज? तुम्हाला त्रास नाही होत?' मी म्हटलं होतो. मग म्हणाली बंद का करत नाही. तिला समजावता समजावता माझं ते सेशन संपलं. आई रोज तेच विचारते, जेवलीस का, काय जेवलीस, त्यावर चिडचिड होते आणि फोन नाही आला तर मी सव्वानऊला स्वतः लावते. दोन्ही खरं आहे. शेवटी थेरपिस्टने एक बरं केलं, म्हणाली ठीक आहे, तुमच्याकडे हे कसं चालतं ते मला शिकवा. त्या दिवसापासून मी तिच्याकडे मोकळेपणाने जायला लागले.

तुझ्या घरातली पाच माणसं अवघड आहेत हे मान्य. पण तुला नाही म्हणायला माणसं आहेत.

अर्धाकप:

राईनकाठ, शेवटचं वाक्य नको होतं. जे आहे त्याची किंमत बघ हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. त्यावरच तर पॅनिक आला तिला.

राईनकाठ:

मान्य. तसं म्हणायचं नव्हतं, पण वाचल्यावर तसंच वाटतंय खरं.

तिरफळ:

सगळ्यांना एकदम उत्तर देते, कारण आज लोकल दिव्याच्या अलीकडे अर्धा तास उभी आहे.

कळफलक, तुमचं टाळ्यांचं वाक्य दोन दिवस डोक्यात होतं. शनिवारी मॅडमना वाचून दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हाला काय वाटतं? (बघा, सांगतच नाहीत.) मला वाटतं तुम्ही निम्मे बरोबर आहात. सासूबाईंकडून टाळ्यांची अपेक्षा मी सोडू शकते. त्यांचं आयुष्य त्या स्वयंपाकघरात गेलं, त्यांना कुणी विचारलं नाही की पोळ्या जमतील का. त्यांना माझं नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या सगळ्या वर्षांवर केलेली टीका वाटत असणार, आणि खरं सांगू, थोडीशी ती असते पण. पण नवऱ्याकडून अपेक्षा ठेवणं हा हट्ट आहे असं मी मानणार नाही. तिथे मला नुसतं शांत राहायचं नाहीये. तो हसला ते मला लागलं, आणि हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, मॅडमना सांगितलं. हे माझ्या लक्षात आलं ते दुसरी_बाजू यांचं वाचून. घरातलं सगळं महत्त्वाचं मी शनिवारसाठी साठवत होते. घरी मग उरतच नव्हतं काही.

तर काल रात्री सांगितलं. गॅलरीत, वाळलेले कपडे काढता काढता. म्हटलं गौरींच्या दिवशी तू हसलास ते मला आवडलं नव्हतं. तो म्हणाला, कोणत्या गौरी? खरंच आठवत नव्हतं त्याला. मला पुन्हा चिडचिड. मग आठवलं तेव्हा म्हणाला, अगं आईच्या समोर हसलो नसतो तर आईला वाटलं असतं मी तुझी बाजू घेतली. मी म्हटलं मग? तो चिमटे हातात घेऊन उभा राहिला बराच वेळ. म्हणाला, बघू. हे 'बघू' मला काय आहे ते कळलेलं नाही, पण झटकून टाकलेलं नव्हतं.

घरच्यांना घेऊन सेशनबद्दल सासूबाईंना सहज विचारून बघितलं. "मी कशाला? मला काय झालंय?" हे अपेक्षित होतंच. नंतर भांडी लावताना मात्र विचारत होत्या, फी किती घेतात, मराठी बोलतात का, आणि त्या बाईंना सासू आहे का.

डॉक्टर, कल्याण-डोंबिवली-ठाणे पट्ट्यात कुटुंबाला एकत्र बघणारं, मराठीत बोलणारं कुणी असेल तर विपू (विचारपुशीत निरोप) कराल का? आणि एक विचारायचं होतं, आमची ऑफिसची मेडिक्लेम आहे, त्यात हे बसतं का?

ओपीडीनंतर:

विपू केलीये, दोन नावं दिलीत, नोंदणी स्वतः बघून घ्या. त्यांनी 'मराठी बोलतात का' विचारलं हे माझ्या अनुभवात बरं लक्षण आहे, पण घाई करू नका, आणि आणायचंच असेल तर 'तुमच्यावर उपचार' म्हणून नको, 'मला मदत करायला या' म्हणून बोलवा. ते खोटंही नाही.

मेडिक्लेमचं असं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला, त्यात स्पष्ट म्हटलंय की शारीरिक आजाराला विमा मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळायला हवा. त्यामुळे ॲडमिट व्हावं लागलं तर पॉलिसीत ते यायला हवं. पण बहुतेक पॉलिस्या मुळात ॲडमिशनवरच चालतात, आणि तुमची शनिवारची भेट ओपीडीत मोडते. ओपीडीचा वेगळा लाभ घेतला असेल तरच मिळेल, त्यातही मर्यादा असते. एचआरला विचारा, बऱ्याच ऑफिसात कर्मचाऱ्यांसाठी फुकट समुपदेशनाची सोय असते आणि कोणी ती वापरतच नाही. कोणाला फी परवडत नसेल त्यांनी टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मराठीत बोलतात, चोवीस तास.

सदूभाऊ:

हा नंबर टोल फ्री आहे का? शेजारच्या मुलासाठी विचारतोय, बारावीला आहे.

ओपीडीनंतर:

हो, पैसे लागत नाहीत. आजच लावा, आणि त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.